यादीबाहेरचा तपशील

माझ्या विद्यार्थिनीने प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाच्या समासात मलाच एक प्रश्न लिहून ठेवला आहे : ‘सर, यादीबाहेरचा तपशील खरा असतो, हे आपण कशावरून धरतो?’ त्या प्रश्नामुळे प्रकरण माझ्याकडेच पडून आहे.

पोर्तुगालच्या नवख्रिस्त्यांवर, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या यहुद्यांवर आणि त्यांच्या वंशजांवर, काम करणाऱ्याला ही अडचण चुकत नाही. हे लोक गुपचूप यहुदी धर्म पाळत होते का, हे सांगणारे कागद बहुतेक त्यांच्यावर खटले भरणाऱ्यांनीच लिहिलेले. चर्चमध्ये जाहीरनामा वाचला जाई : शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावणारे, शनिवारी धुतलेले कपडे घालणारे, डुकराचे मांस टाळणारे कोणी दिसले तर कळवा. मग आरोपीच्या कबुलीजबाबात हीच यादी उतरते. आपल्याविरुद्ध कोण काय बोलले, हे त्याला सांगत नसत. अंदाजाने कबूल करायचे, नातेवाइकांची नावे घ्यायची. आणि कबुली अपुरी ठरली तर तोही गुन्हाच. शिवाय 1497 च्या सक्तीच्या धर्मांतरानंतर रब्बी उरले नाहीत, हिब्रू पोथ्याही नाहीत. पुढच्या पिढ्यांतल्या काही घरांनी आपला धर्म त्या जाहीरनाम्यावरूनच शिकून घेतला असणार.

हे खटले चालवणारे चर्चचे न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, हा यहुदी तयार करणारा कारखाना होता, अशी मांडणी इतिहासकार आंतोनियु जुझे साराइव्हा यांनी 1969 मध्ये केली. इ. स. रेव्हा यांना ती मान्य नव्हती. 1971 मध्ये लिस्बनच्या एका वर्तमानपत्रात दोघांची चांगलीच जुंपली. दोघांच्या मध्ये उभे राहायला मी एक कसोटी काढली. जाहीरनाम्यात आहे ते बाजूला ठेवायचे. जे त्यात नाही – कुठल्या मावशीने काय पुटपुटले, भाजी कशात शिजवली – तेवढ्यावर भरवसा ठेवायचा. परिसंवादात कोणी ‘सरांची कसोटी’ म्हटले, की मी मान खाली घालून बसे. कान मात्र तिकडेच असत.

ही पोरगी म्हणते, लेखनिक चालीरीतींची नोंदवही लिहीत नव्हता, खटल्याला लागेल तेवढेच टिपत होता. मावशीचे पुटपुटणे गाळले गेले म्हणून ते नव्हते असे नाही, आणि नोंदले गेले म्हणून खरे असेही नाही. भाऊबंदकीत खोटी साक्ष देणाऱ्यालाही घरातला स्वयंपाक ठाऊक असतोच.

गार्सिया द ओर्ताचे पाहा. हा नवख्रिस्ती वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला, मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते, 1563 मध्ये औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादग्रंथ गोव्यातच छापला गेला. आपण यहुदी आहोत, असे त्याने त्यात कुठेही म्हटलेले नाही. 1568 मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी त्याची बहीण कातारीना हिला गोव्यात जाळले, आणि 1580 मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. त्याच्या श्रद्धेबद्दलचा पुरावा म्हणजे मुख्यतः नातेवाइकांच्या जबान्या. माझी कसोटी लावायची, तर तपशील देणारे सगळे कोठडीतले.

गोव्याच्या इन्क्विझिशनचे दप्तर 1812 नंतर बव्हंशी नष्ट झाले, त्यामुळे त्यावर कोणीही काहीही लिहितो. एक गट देलाँ या फ्रेंच कैद्याच्या 1687 च्या वृत्तांतावर आयुष्य काढतो, दुसरा सगळी अतिशयोक्ती म्हणून हात झटकतो. अ. का. प्रियोळकरांनी 1961 च्या पुस्तकासाठी हाताला लागेल ते गोळा केले. त्यानंतर आपल्याकडच्या बहुतेकांनी प्रियोळकरांचीच पाने उलटली. लिस्बनमध्ये उरलेले कागद पाहायचे तर पोर्तुगीज यायला हवी, आणि तिचा आमच्या प्रबंधकारांना कंटाळा.

जुन्या लेखनिकांचे आखडलेले शब्द सोडवणे ही माझी मिरवायची जागा होती. आता मोतीबिंदूमुळे ओळी एकमेकींत मिसळतात. विद्यार्थिनी पानांची छायाचित्रे संगणकाला देते आणि त्याने वाचलेल्या मजकुरातल्या चुका काढत बसते. मला तिचा प्रश्न तेवढा लागला नाही, जेवढे हे लागले.

कसोटी मी सोडणार नाही. पण तिसऱ्या प्रकरणात ओर्ता ‘गुप्त यहुदी होता’ असे छापायचे नाही. ‘त्याच्यावर तसा ठपका ठेवून हाडे जाळली’ असे छापायचे. आणि या विषयात पीएच.डी. करू पाहणाऱ्यांना विनंती, की माझ्याकडे येण्याआधी दोन वर्षे पोर्तुगीज शिकून या. इंग्रजी भाषांतरांवर मी विद्यार्थी घेत नाही.