आईची खुर्ची

मराठीच्या तासाला गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत' ही कादंबरी चालली होती. तिच्यावरचा डॉ. जब्बार पटेल यांचा १९७७ चा चित्रपट ग्रंथालयात दाखवणार, असे मी घरी सहज बोललो. आई म्हणाली, "मला बसू देतील का रे?" तुर्भ्याला राहून ती नवी मुंबईतल्या या कॉलेजची पायरी एकदाही चढली नव्हती.

ग्रंथपाल सरांना विचारले. तबकडी विकत घेतली म्हणजे ती चारचौघांना दाखवण्याचा हक्क मिळत नाही, हे त्यांनी आधी समजावले नि मग १९५७ चा कॉपीराइट कायदाच पुढे ठेवला. कलम ५२ मधले वाक्य इतके लांब, की कर्ता शोधताना दम लागला! पण त्यात स्पष्ट होते : शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखवला आणि प्रेक्षक तिथले शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक व संस्थेच्या कामाशी संबंधित मंडळी एवढेच असले, तर स्वामित्वहक्काचा भंग होत नाही. पालक! दिल्लीत बसून कोणी माझ्या आईसाठी खुर्ची राखून ठेवली होती नि मला पत्ता नव्हता.

शेजारच्या काकूही लुगडे बदलून तयार होत्या. त्यांना नाही म्हणणे जिवावर आले. हक्काची साठ वर्षे २०३७ अखेर संपतील. तोवर त्यांच्यासाठी मालकाची परवानगी हवी.

चित्रपट सुरू झाला. आई मात्र पडद्याकडे कमी नि कपाटांकडेच जास्त पाहत होती. मध्येच हळूच म्हणाली, "यातली तू कुठली वाचलीस?"

मी एका कपाटाकडे बोट दाखवले. जाताना तिने त्याच्या काचेला हात लावून पाहिला.