शेवटचे गाणे

११ फेब्रुवारी १९६३ रोजी लंडनच्या ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहात ‘बीटल्स’ या रॉक वाद्यवृंदाने आपल्या पहिल्या दीर्घ तबकडीची दहा गाणी एका दिवसात पुरी केली. जॉन लेननला पडसे झाले होते. म्हणून घसा ताणून म्हणावयाचे ‘ट्विस्ट अँड शाउट’ रात्री अखेरीस ठेविले. पहिल्याच खेपेस ते साधले; दुसऱ्या खेपेस आवाजच उरला नव्हता. तो चिरकलेला स्वर तबकडीवर तसाच राहिला.

आमच्या देवळातील भजनांचे मुद्रण झाले तेव्हा वृद्ध बुवांचा बसलेला स्वर आम्ही पुसविला व त्या ओळी दुसऱ्याकडून म्हणवून घेतल्या. आज बुवा नाहीत. मुद्रण निर्दोष आहे. पण रात्रभर गाऊन सप्ताहाच्या पहाटे ते आळवीत ती भैरवी त्यात नाही. पुसला तो दोष नव्हता, सेवा होती, हे आम्हांस उशिरा उमगले.