गरम घास, बसल्या जागी

रात्री दहा वाजता तुम्ही काय करत असता हो? ओटा पुसत असाल, विरजण लावत असाल, नाहीतर उद्याच्या डब्याची भाजी निवडत असाल. म्हणूनच, टोकियोत रात्री दहाला मी सूनबाईबरोबर बाहेर जेवायला गेले होते म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी कपाळाला हात लावला!

या खाण्याच्या जागेला तिकडे 'इझाकाया' म्हणतात. टोकियोचं नाव एदो होतं तेव्हा तिथे साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची दुकानं असत. गिऱ्हाइकं तिथेच बसून पिऊ लागली, मग सोबत खायलाही मिळू लागलं. पुढे कितीतरी वर्षं ही ऑफिस सुटलेल्या पुरुषांचीच जागा होती. आता मात्र बायकाही खुशाल येतात. दाराशी लाल कंदील, कापडी पडदा. बसल्याबरोबर हात पुसायला ओला रुमाल आणि न मागता आलेली एक चिमुकली वाटी. तिला 'ओतोशी' म्हणतात. फुकट नाही बरं का, बिलात लागते!

आम्ही दोघींनी ऊलाँग चहा घेतला. मग एकेक बशी येऊ लागली. मीठ घालून उकडलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, अगदी आपल्या भुईमुगाच्या ओल्या शेंगांसारख्या. कोळशावर भाजलेले कोंबडीचे तुकडे, काडीला टोचलेले. पिठात घोळवून तळलेला तोफू, पातळ रसात सोडलेला. शाकाहारी मैत्रिणींनी मात्र जपून! हा रस, 'दाशी', बहुधा कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीचा आणि वाळवलेल्या मासळीच्या किसाचा असतो. याच कोंबूत १९०८ साली इकेदा नावाच्या प्राध्यापकांना 'उमामी' ही चव सापडली.

बशी मधोमध ठेवायची आणि आपापल्या ताटलीत थोडं थोडं घ्यायचं. पदार्थ झाला की आला, तोही वाफाळता. लग्नाला ४१ वर्षं झाली माझ्या. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर जी शेवटची पोळी वाट्याला येते, ती किती गरम असते हे तुम्हाला काय सांगायचं?

कुणाला उठायचं नव्हतं, म्हणून सूनबाई बोलली. घरी ती हाताखाली मुकाट्यानं काम करायची. इथे चौथ्या बशीला म्हणाली, "आई, नऊला घरी येते, मग स्वयंपाक. हे म्हणतात, झेपत नसेल तर नोकरी सोड. मला सोडायची नाहीये."

मी म्हटलं, "सोडू नकोस. आठवड्यातले तीन दिवस स्वयंपाक तो करील. त्याच्याशी मी बोलते."

आणि बोलले! तिसऱ्या दिवशी चिरंजीवांनी मुगाची खिचडी केली. जरा करपली होती, पण आम्ही दोघींनी बसून खाल्ली.

इझाकायातलं जेवण बऱ्याचदा भातावर हिरवा चहा ओतून संपतं. त्याला 'ओचाझुके' म्हणतात. आपला शेवटचा ताकभातच म्हणा ना!

मैत्रिणींनो, हे घरीही जमेल. शनिवारी रात्री चार लहान पदार्थ करा: उकडलेल्या शेंगा, परतलेलं पनीर, कोशिंबीर, थालीपिठाचे तुकडे. सगळं मधोमध मांडा. ज्याला आणखी हवं त्यानं स्वतः उठून आणावं. तुम्ही मात्र उठायचं नाही.