माननीय स्ट्रॅटेजिक प्लॅन यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. स्ट्रॅटेजिक प्लॅन,
मुक्काम : साहेबांच्या केबिनमधले काचेचे कपाट.

विषय : आपण कशालाच ‘नाही’ म्हणत नसल्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

दर पाच वर्षांनी तुमचे आगमन होते. त्याआधी लोणावळ्याच्या एखाद्या रिसॉर्टवर बैठक भरते, भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटतात, बलस्थाने, उणिवा, संधी, धोके असे चार चौकोन आखले जातात. मग सल्लागार बिल लावून निघून जातात आणि तुम्ही गुळगुळीत कागदावर छापून येता. पहिल्या पानावर साहेबांचा हसरा फोटो, मग व्हिजन, मग मिशन, मग उद्दिष्टांचा तक्ता. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात खालपासून वरपर्यंत एकच शेरा : ‘अतिप्राधान्य’. दर्जा वाढवायचा, खर्च कमी करायचा, नव्या शाखा काढायच्या आणि भरती मात्र बंद ठेवायची. सगळेच अतिप्राधान्य असले की सोमवारी सकाळी आधी काय हातात घ्यायचे, हे ज्याचा फोन आधी येईल तो ठरवतो. आमच्याकडे तसेच ठरते.

तुमचे घराणे फार जुने नाही. 1965 साली इगोर ॲन्सॉफ यांचे ‘कॉर्पोरेट स्ट्रॅटेजी’ आले आणि पाश्चात्त्य कंपन्यांत तुमची चलती सुरू झाली. 1994 साली हेन्री मिंट्झबर्ग यांनी तुमच्या उदयास्तावर जाडजूड ग्रंथ लिहिला. आखणारे एकीकडे आणि राबणारे दुसरीकडे अशी फाळणी झाली की आराखड्यात जीव राहत नाही, हा त्यांचा एक मोठा आक्षेप. तो तुमच्या कानावर असेलच. मी तुम्हाला घरचे उदाहरण देतो. तुमच्याच जातकुळीतल्या एका आराखड्याने आपल्या कोकणात काय केले ते बघा.

कोकण रेल्वे महामंडळ 1990 च्या जुलैत स्थापन झाले. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत 741 किलोमीटरचा मार्ग टाकायचा होता. मध्ये सह्याद्रीचे फाटे, खाड्या आणि धो धो पाऊस. पैसा बेताचा : केंद्र आणि चार राज्यांचे भागभांडवल, बाकी मोठा भार कर्जरोख्यांवर. मुदत पाच वर्षे. अशा वेळी तुम्ही काय केले असते, ते मला ठाऊक आहे. दुहेरी मार्ग, विद्युतीकरण, ताशी 160 किलोमीटरचा वेग, किमान खर्च, सगळे एका ओळीत लिहून पुढे ‘अतिप्राधान्य’ टाकले असते.

तिथल्या लोकांनी निवड केली. मार्ग एकेरी ठेवला. विजेच्या तारा टाकल्या नाहीत, गाड्या डिझेलवर चालवल्या. पण चढ-उतार आणि वळणे यांत तडजोड केली नाही. चढ दीडशे मीटरला एक मीटरपेक्षा जास्त नको, वळणाची त्रिज्या साडेबाराशे मीटरपेक्षा कमी नको. एवढी अट घातल्यावर डोंगराला वळसा घालण्याची सोय उरत नाही. डोंगर फोडावा लागतो, दरी ओलांडावी लागते. म्हणूनच नव्वदहून अधिक बोगदे झाले, त्यात साडेसहा किलोमीटरचा करबुडे. म्हणूनच रत्नागिरीजवळ पानवळचा तो 64 मीटर उंचीचा पूल उभा राहिला. एकीकडे काटकसर आणि दुसरीकडे एवढा खर्च, हा विरोधाभास वाटेल. पण हिशेब सरळ आहे. तारा नंतर ओढता येतात, दुसरा रूळही नंतर टाकता येतो. बोगदा मात्र एकदा चुकीच्या रेषेवर खणला की तो पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात. जे मागाहून करता येईल ते मागे ठेवले आणि जे मागाहून बदलता येणार नाही ते पहिल्याच फटक्यात नीट केले. पुढे 2021 मध्ये रोहा ते वीर दुहेरीकरण झाले, 2022 मध्ये संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण झाले. वळणे 1990 च्या दशकात आखली तीच आहेत.

या निवडीची किंमत कोकणी माणूस आजही मोजतो. गणपतीत जादा गाड्या सुटल्या की एकेरी रुळावर क्रॉसिंगसाठी कुठल्या तरी स्टेशनात गाडी ताटकळत उभी राहते आणि डब्यातले चाकरमानी महामंडळाचा उद्धार करतात. त्यांचे चुकते असेही नाही. पण ज्या आराखड्यापायी कोणालाच काही सोसावे लागत नाही, त्याने काही निवडलेलेच नसते. तुमच्यात हीच खोट आहे.

आता अंमलबजावणीचे. महामंडळाचे पहिले प्रमुख ई. श्रीधरन यांनी मार्गाचे सात विभाग केले आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला, म्हणजे निर्णयासाठी बेलापूरच्या मुख्यालयाकडे डोळे लावून बसायला नको. कार्यालयांत उलटी मोजणारी घड्याळे लावली : काम संपायला किती दिवस उरले, ते येता-जाता प्रत्येकाला दिसे. तुमच्यातही तारखा असतात, पण त्या ‘तिसरी तिमाही’ अशा, आणि त्यांच्यापुढे माणसाचे नाव नसते.

तरीही पाच वर्षांत काम झाले नाही. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून आंदोलन पेटले आणि तिथले काम काही काळ थांबले. कठीण खडकासाठी परदेशातून यंत्रे आणली होती, पण पेडण्याच्या बोगद्यात लागली भुसभुशीत ओली माती. तिथे यंत्र चालेना. हातानेच खणावे लागले, पुन्हा पुन्हा माती ढासळली, माणसे गेली. अखेर 26 जानेवारी 1998 रोजी सबंध मार्ग खुला झाला. उशीर झाला, खर्च वाढून साडेतीन हजार कोटींच्या घरात गेला, पण आखणीचा मूळ दंडक सुटला नाही.

एक गोष्ट कागदावर पुरेशी आली नव्हती : पावसात सुटणारी दरड. जून 2003 मध्ये वैभववाडीजवळ आणि जून 2004 मध्ये करंजाडीजवळ दरडींनी गाड्या घसरल्या, अनेकांनी जीव गमावले. त्यानंतर डोंगरउतार कमी करणे, जाळ्या बसवणे, गस्त वाढवणे ही कामे जोराने हाती घेतली गेली. पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक आजही दरवर्षी लागू होते. गाड्या हळू धावतात, प्रवासी कुरकुरतात, पण कोकणच्या पावसापुढे वेगाचा हट्ट कोणी धरत नाही. आराखडा आखणे हे अर्धेच काम. दर जूनमध्ये त्याला जमिनीवर आणणे, याला व्यवस्थापन म्हणतात. तुमची उजळणी मात्र पाच वर्षांनी होते, तीही नव्या सल्लागाराकडून, आणि तो जुने पान उलटून बघत नाही.

तेव्हा नव्या आवृत्तीसाठी माझ्या मागण्या थोड्याच आहेत. पुढची पाच वर्षे आपण काय करणार नाही, याचे एक स्वतंत्र पान असावे आणि त्यापायी कोणाची गैरसोय होणार तेही त्यावर लिहावे. मागाहून बदलता येणार नाही असे काय आहे ते वेगळे काढून पैसा आधी तिथे लावावा. प्रत्येक तारखेपुढे एका माणसाचे नाव असावे, समितीचे नको. आणि वर्षातून एकदा, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना बोलावून, तुमच्यातल्या चुका तुमच्यावरच लाल शाईने लिहाव्यात. त्यासाठी लोणावळ्याला जायची गरज नाही, आमचे कँटीन चालेल.

उत्तर लेखी द्यावे. तोंडी आश्वासनांचा साठा आमच्याकडे पुरेसा आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
अंमलबजावणी विभागातला एक कर्मचारी