मोडी वाचता येणाऱ्या मुलीस

चि. मैत्रेयीस,


एम.ए. झाल्यावर डिजिटल ह्युमॅनिटीजकडे वळावं का, आणि प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या मराठीच्या मुलीला तिथे कोण विचारणार, असे दोन प्रश्न तू केले आहेस. पहिल्याचं उत्तर ‘हो, जरूर वळ’ एवढंच. दुसऱ्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण तू स्वतःला उगाच कमी लेखते आहेस.

तुला मोडी वाचता येते. पेशवेकालीन पत्रावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असा सन दिसला, की तो सुहूर ११६१ हे तू चटकन सांगशील. इसवी सन काढायला त्यात ५९९ मिळवायचे, हे संगणकाला एका ओळीत शिकवता येतं. पण सुहूर सन बदलतो मृगाला, जूनच्या सुरुवातीस. म्हणून जानेवारी ते मेमधल्या पत्रांना ६०० मिळवावे लागतात. हे ठाऊक नसलेल्याचा प्रोग्रॅम पानिपतची लढाई १७६१ ऐवजी १७६० च्या जानेवारीत नेऊन ठेवील, आणि त्यावरून काढलेले सगळे आलेख देखणे पण खोटे निघतील.

मजकुराचंही तसंच. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, हे चांगलंच झालं. पण शब्द कुठे तोडायचा, फाटक्या कडेवरचं अक्षर अंदाजानं भरायचं की जागा मोकळी सोडायची, पत्रातले ‘भाऊ’ नेमके कोण, हे युनिकोड ठरवत नाही. ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. टीईआय ही मजकुरात खुणा करण्याची पद्धत १९८७ पासून घडत आली आहे. तिच्यात अस्पष्ट अक्षराला एक खूण आहे, संपादकानं भरलेल्या अक्षराला दुसरी. खुणा शिकणं फार अवघड नाही. कुठली खूण कुठे करायची, यासाठी मात्र भाषा आणि काळ दोन्ही अंगात मुरलेले लागतात. पायथनही शीक, टाळू नकोस. पण माझ्या मते या विषयाचा गाभा असे निर्णय घेण्यात आणि ते उघडपणे नोंदवण्यात आहे.

हे काम आपल्याकडे नवं नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. सुकथनकर आणि त्यांचे सहकारी देशभरातल्या हस्तलिखितांतले पाठभेद श्लोकवार तक्त्यांवर उतरवून घेत. मराठीत प्रियोळकरांनी मुक्तेश्वराच्या आदिपर्वासाठी अशीच मेहनत घेतली. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठानं २०१३ मध्ये ‘बिचित्रा’ हा प्रकल्प खुला केला. त्यात रवींद्रनाथांची हस्तलिखितं आणि छापील आवृत्त्या संगणक शेजारी शेजारी मांडून त्यांतले फरक दाखवतो. तो फरक कवीनं का केला, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो, आणि तो तुझ्यासारखीनं सोडवायचा असतो.

आता प्रवेशाविषयी. लंडनच्या किंग्ज कॉलेजात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, एम.ए. आणि पीएच.डी. दोन्ही होतात. अमेरिकेत पीएच.डी. बहुधा इतिहास, साहित्य किंवा दक्षिण आशिया अभ्यास अशा विभागातच करावी लागते आणि डिजिटल प्रशिक्षण तिच्या जोडीला घेता येतं. आपल्याकडे जादवपूर आहे, जोधपूरची आयआयटी आहे. नाव मोठं म्हणून कुठे जाऊ नकोस. प्रबंधाचा प्रश्न माझा असेल, की मार्गदर्शकांच्या प्रकल्पासाठी मी नोंदी भरत बसेन? अनुदान संपल्यावर सामग्री कोण सांभाळणार? आणि काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव नोंदलं जातं का? हे तिन्ही प्रश्न आधीच लेखी विचार. शिष्यवृत्तीची रक्कम विचारायलाही संकोच नको.

नावाचा आग्रह का, ते सांगते. इटलीतले जेझुइट पाद्री रोबेर्तो बुसा यांना या विषयाचे आद्य पुरुष मानतात. थॉमस अक्वायनसच्या ग्रंथांतल्या प्रत्येक शब्दाची सूची करायची म्हणून १९४९ मध्ये ते आयबीएमच्या थॉमस वॉटसन यांना भेटले. पुढे सुमारे १ कोटी १० लाख शब्दांच्या त्या कामाचे ५६ खंड निघाले. पण मिलानजवळच्या गाल्लाराते गावी यंत्रांवर बसून कार्डं पंच केली ती बहुतेक तरुण मुलींनी. त्यांची नावं कित्येक दशकं कुणाला ठाऊक नव्हती. ती पुढच्या संशोधकांना शोधून काढावी लागली. लॅटिनचं अक्षरन् अक्षर त्यांच्या बोटांखालून गेलं होतं. तुझ्या वाट्याला असं निनावी काम येऊ देऊ नकोस, आणि उद्या तुझ्या हाताखाली मुलं आली तर त्यांच्याही वाट्याला येऊ देऊ नकोस.

अर्जाला अजून अवधी आहे. तोवर छापील साधनांत न आलेली थोडी मोडी पत्रं निवड, देवनागरीत उतरव, खुणा कर, आणि प्रत्येक शंकास्थळी तू काय ठरवलंस व का, ते दोन ओळींत लिही. हा नमुना अर्जाला जोड. इतिहासाच्या आणि संगणकाच्या दोन्ही बाजूंची माणसं तो वाचतील, आणि ज्या विभागाला त्याची किंमत कळेल तोच तुझा विभाग.

तुझी,
मावशी