गंगापूर रोड, गिटार आणि पंचवटी एक्स्प्रेस

नाशिक म्हटलं की मिसळ, रामकुंड आणि वाइन. पण इंडी पॉप-रॉक? लागा गंगापूर धरणाच्या रस्त्याला! सुलाच्या द्राक्षबागेतल्या अ‍ॅम्फीथिएटरमध्ये 2008 साली ‘सुलाफेस्ट’ सुरू झाला. दिवसा टबात द्राक्षं तुडवायची, रात्री जॅकेट चढवून गाणी ऐकायची. थंडी बोचते, पण मजा तीच! 2020 नंतर कोविडमुळे ब्रेक लागला. 2025 मध्ये फेस्ट परतला.

एक गोष्ट मात्र खटकते. स्टेजवर गाजतात ते बहुतेक बाहेरगावचे बँड. कॉलेज रोडच्या कट्ट्यावर स्वतःची गाणी लिहिणाऱ्या पोरापोरींनी पहिला शो करायचा कुठे? फेस्ट दोन-तीन दिवसांचा. एरवी एखाद्या कॅफेचा कोपरा, नाहीतर गिटार खांद्याला अडकवून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस. चलो मुंबई!

सिंगल काढणं आता सोपंय. बेडरूममध्ये लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचं, 2019 मध्ये भारतात आलेल्या स्पॉटिफायवर टाकायचं. पण समोर बसून ऐकणारी माणसं अशी डाउनलोड होत नाहीत ना राव!

तेव्हा पुढच्या वीकेंडला वाइन टेस्टिंग उरकलं की लगेच हायवे गाठू नका. शहरात या. कॅफेत कुणी गिटार जुळवत असेल तर थांबा. आणि प्लीज, हिंदी सिनेमातल्या गाण्याची फर्माईश नको. त्याचं नवं गाणं कोणतं, ते विचारा.