पायाला जखम, जांघेत गाठ

कपाशीच्या वावरात तुरीचं धसकट तळपायात घुसतं. माणूस ते उपटतो, जखमेवर हळद दाबतो आणि पुन्हा कामाला लागतो. दोन दिवसांनी जांघेत दुखरी गाठ येते, अंग कणकणतं, पाय टाकवत नाही. घरची म्हातारी बघताच सांगते, अवधाण आलंय. माझ्या ओपीडीत हा माणूस विचारतो, "डॉक्टरसाहेब, लागलं पायाले, अन् गाठ जांघेत कशी?" प्रतिकारशक्तीबद्दल याहून नेमका प्रश्न मी क्वचितच ऐकला आहे. विदर्भात शस्त्रक्रिया करताना सुजलेले हात-पाय पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली. शरीराचा प्रतिकार म्हणजे साठवून ठेवलेलं बळ नव्हे, ती एक वाहती व्यवस्था आहे, हे मला त्या हातापायांनी शिकवलं.

रक्त बारीक केशवाहिन्यांतून जाताना त्यातलं पाणी, क्षार आणि थोडी प्रथिनं भिंतीतून झिरपून पेशींच्या भोवती येतात. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा पुस्तकात असं होतं, की यातलं बहुतेक पाणी केशवाहिनीच्या दुसऱ्या टोकाला परत शोषलं जातं आणि उरलेलं थोडं लसीकावाहिन्या नेतात. नंतरच्या काटेकोर मोजमापांनी ते चित्र बदललं. बहुतेक अवयवांत झिरपलेलं पाणी रक्ताकडे परत नेण्याचा मुख्य भार लसीकावाहिन्यांवरच असतो, आणि हे पाणी दिवसाला काही लिटर भरतं. वाहिनीत शिरलेल्या या पाण्यालाच लसीका म्हणतात.

या वाहिन्यांची रचना पाहून मी आजही थक्क होतो. त्यांची सुरुवातीची टोकं बंद असतात आणि भिंत एकाच पेशीच्या थराची. शेजारच्या पेशींच्या कडा एकमेकींवर आलेल्या असल्याने त्या फक्त आतल्या बाजूला उघडतात. बाहेरून अतिसूक्ष्म तंतूंनी त्या भोवतालच्या ऊतीला बांधलेल्या असतात. ऊती फुगली की तंतू ताणले जातात आणि वाहिनी दाबून बंद होण्याऐवजी पेशींमधल्या फटी जास्तच उघडतात. पुढच्या मोठ्या वाहिन्यांत थोड्या थोड्या अंतरावर झडपा असतात आणि दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा स्वतः आकुंचन पावून लसीका पुढे सरकवतो. रक्तामागे हृदय असतं तसा एकच मोठा पंप इथे नाही. पोटरीचे स्नायू आणि श्वास हातभार लावतात. दोन्ही पाय, पोट, डावा हात, डोक्याची डावी बाजू, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश शरीराची लसीका छातीतल्या वक्षवाहिनीतून गळ्याच्या मुळाशी डाव्या बाजूच्या शिरेत पडते. गास्पारो असेल्ली या इटालियन शल्यचिकित्सकाला १६२२ साली, नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या आतड्यालगत, या वाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या दिसल्या. ती पांढरी छटा जेवणातल्या स्निग्धांशाची होती.

आता जांघेतल्या गाठीकडे येऊ. जखमेतून जंतू शिरले की त्वचेतल्या डेंड्रायटिक पेशी त्यांचे तुकडे गिळतात, आपली जागा सोडतात आणि लसीकेबरोबर जवळच्या लसीकाग्रंथीत पोहोचतात. पायासाठी ती ग्रंथी जांघेत असते, हातासाठी काखेत. एखाद्या विशिष्ट जंतूचा तुकडा ओळखू शकणाऱ्या टी पेशी शरीरात फार विरळ असतात, साधारण लाखात एक किंवा त्याहूनही कमी. त्या नेमक्या जखमेशी हजर असण्याची शक्यता जवळपास नाही. म्हणून त्या सतत फिरत राहतात: रक्तातून ग्रंथीत, ग्रंथीतून लसीकेत, लसीकेतून पुन्हा रक्तात. हे अखंड भ्रमण ऑक्सफर्डच्या जेम्स गोवन्स यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिलं. जखमेची खबर आणि ती ओळखणारी पेशी यांची गाठ पडते ती ग्रंथीत. जुळणी झाली की ग्रंथी काही काळ पेशींची बाहेर जाण्याची वाट आवळून धरते, निवडलेल्या पेशी भराभर विभाजित होतात, बी पेशी प्रतिपिंडं बनवण्याच्या तयारीला लागतात. ग्रंथी फुगते, दुखते. अवधाण ते हेच.

जखमेपासून ग्रंथीपर्यंतची ही वाट किती महत्त्वाची आहे, हे फ्राय आणि वेंक यांनी १९५७ साली गिनीपिगवर केलेल्या प्रयोगात दिसलं. त्यांनी कातडीचा एक भाग असा वेगळा केला की रक्तपुरवठा चालू राहावा, पण लसीकेची वाट तुटावी. मग तिथे ॲलर्जी आणणारं रसायन लावलं. प्राण्याच्या शरीरात त्या रसायनाविरुद्ध संवेदनशीलता निर्माणच झाली नाही. लसीकेची वाट शाबूत ठेवली तेव्हा ती झाली.

कधी कधी मात्र याच वाटेने शत्रूही आत येतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. उंदराची पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून गाठ बहुधा जांघेत. प्लेगचा जंतू त्याला गिळणाऱ्या पेशीतच जिवंत राहतो आणि तिच्याबरोबर ग्रंथीपर्यंत पोहोचतो. जिथे त्याचा बंदोबस्त व्हायचा, तिथेच तो वाढतो. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतच तयार केलेली लस १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली. लसीचं काम हेच, की खरा जंतू येण्याआधी ग्रंथीतल्या योग्य पेशींना त्याची ओळख व्हावी.

माझ्या रोजच्या कामातला शत्रू याहून संथ आहे. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हत्तीरोग जुना आहे. क्युलेक्स डासातून आलेली अळी लसीकावाहिनीत वाढून दोऱ्यासारखा जंत होते आणि तिथे काही वर्षं सुखाने राहते. जंताची पिल्लं त्वचेजवळच्या रक्तात मुख्यतः रात्री दिसतात, म्हणूनच आरोग्य खात्याचे कर्मचारी रक्ताचे नमुने घ्यायला रात्री दारात येतात. जंत प्रतिकारसंस्थेला शांत ठेवतो. बहुतेक बाधित माणसांना काहीच जाणवत नाही. दरम्यान वाहिन्या रुंदावतात, झडपा निकामी होतात, लसीका मागे साचते. पुरुषांमध्ये अंडवृद्धी होते, पाय सुजतो, वर्षानुवर्षांनी कातडी जाड आणि खडबडीत होते.

या पायाला वारंवार थंडी-ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो. रुग्ण म्हणतात, जंत उसळला. खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं: बोटांच्या बेचक्यातल्या भेगांतून शिरलेले साधे जंतू. त्याच माणसाचा दुसरा पाय तेच जंतू सहज परतवतो, कारण तिथून खबर ग्रंथीपर्यंत वेळेवर जाते. सुजलेल्या पायात ती साचलेल्या पाण्यात अडकते. रक्त तेच, पेशी त्याच, खाणंपिणं तेच, तरी एक पाय सुरक्षित आणि दुसरा उघडा. 'इम्युनिटी वाढवणारे' काढे आणि गोळ्या विकणाऱ्यांना मी या माणसाचे दोन पाय दाखवू इच्छितो. यातल्या कोणत्या पायाची इम्युनिटी ते वाढवणार आहेत?

या पायाला खरा आधार मिळतो तो साध्या गोष्टींनी. रोज साबण-पाण्याने पाय धुणं, बेचके कोरडे करणं, भेगांवर मलम, रात्री पाय उशीवर, दिवसा घोट्याचे व्यायाम आणि नीट बांधलेलं बँडेज. नेमाने हे करणाऱ्यांचे तापाचे झटके कमी होताना मी पाहिले आहेत. माझ्या शस्त्रक्रियेपेक्षा या बादलीभर पाण्याने जास्त जणांना कामावर परत पाठवलं आहे.

हत्तीरोगाविरुद्ध सगळ्यांना दिल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दलही सांगायला हवं. नागपूर जिल्ह्यात २०१९ पासून डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन ही तीन औषधं एकत्र दिली जाऊ लागली. ती घेतल्यावर काहींना ताप येतो, डोकं दुखतं आणि गावात भीती पसरते. हा ताप बहुधा रक्तातली जंताची पिल्लं मरू लागल्याचा असतो. आजवर गप्प राहिलेली प्रतिकारसंस्था त्या मेलेल्या पिल्लांना प्रतिसाद देते. ज्याला ताप आला, त्यालाच गोळीची सर्वांत जास्त गरज होती. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसं वगळून बाकी सर्वांनी ती आरोग्य सेविकेसमोरच गिळावी, असा माझा आग्रह असतो.

शहरात लसीका साचून येणारी अशीच सूज दुसऱ्या दाराने येते. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढल्या तर साधारण पाचात एका स्त्रीचा हात पुढे सुजतो. म्हणून आता निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून गाठीकडून येणारी लसीका सर्वांत आधी ज्या एक-दोन ग्रंथींत पोहोचते, त्याच शोधून तपासतात. त्यांत कर्करोग नसेल तर बाकीच्या तशाच राहू देतात आणि सूज येण्याचं प्रमाण खूप खाली येतं. ही तपासणी आपल्याला लागू आहे का, हे प्रत्येक स्त्रीने शस्त्रक्रियेआधी विचारावं. दोन्ही हातांचा घेर आधीच मोजून वहीत लिहून ठेवावा. बांगडी घट्ट होऊ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यावं. सुरुवातीची सूज पट्टीने आणि व्यायामाने उतरते, ऊती कडक झाल्यावर ती पूर्ण उतरत नाही.